दिवाणखान्यातला समुद्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच दिवशी आपण गच्चीवरच्या भाजीपाल्यावर ऐकले. त्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या वाळवणांवर. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो घरात समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय मांडण्याचा. विषय ऐकून मीही क्षणभर थबकले. नागपूरकरांचा आणि समुद्राचा संबंध काय? आपण शून्य मैलाच्या दगडाची माणसे. पूर्वेला जा की पश्चिमेला जा, समुद्र शेकडो मैल दूर. आपल्याला पाणी म्हटले की अंबाझरी, फुटाळा आणि गांधीसागर आठवायचे. पण चिटणीसबाईंनी सांगितले की आपल्याच सभासदांपैकी तीन घरांत हा हट्ट सुरू आहे. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा चित्रपटात पाहिल्यापासून मुलांना तो हवा आहे, आणि रंगीबेरंगी प्रवाळांची चित्रे पाहून मुलांच्या वडिलांनाही हुरूप आला आहे. तेव्हा होकार देण्यापूर्वी गृहिणीने काय जाणून घ्यावे, एवढ्याच हेतूने मी चार शब्द सांगणार आहे.

प्रवाळ हा शब्द आपल्याला परका नाही. मंगळसूत्रात काळ्या मण्यांसोबत पोवळे ओवलेले आपण पाहिले आहे. वैद्यांच्या पुडीतले प्रवाळभस्म आपल्या आज्यांनी मधातून चाटवले आहे. परंतु हे पोवळे म्हणजे खडा नव्हे, वनस्पतीही नव्हे, तो एका प्राण्याचा सांगाडा आहे, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. दागिन्यातले लाल पोवळे खोल पाण्यातल्या निराळ्या जातीचे आणि उथळ, उबदार पाण्यात खडक बांधणारी प्रवाळे निराळी. पण गोतावळा एकच. बहुतेक जातींत एकेक जीव अवघा काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती इवल्या शुंडांची झालर असलेला. तो पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती वाटी बांधतो. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटून जी वसाहत होते, तिला आपण प्रवाळाचा दगड म्हणतो. दगडासारखी घट्ट वाढणारी जात वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते.

या जीवाच्या शरीरात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा देतो. भाडेकरूने घरमालकाला जेवू घालावे असा हा संसार आहे. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाहून अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडते, प्रवाळ पांढरेफटक होते आणि तापमान लवकर उतरले नाही तर उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असाच प्रसंग ओढवला. समुद्रतळाच्या शेकडा एक भागाहूनही कमी जागेत ही प्रवाळे आहेत आणि समुद्रातल्या एकूण जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आधाराने राहतात. तेव्हा आपण ज्या वस्तूचा विचार करतो आहोत ती शोभेची नाही, ती एक गजबजलेली वस्ती आहे, हे आधी मनात धरावे.

आता काचेच्या पेटीत पाण्यातले जीव सांभाळण्याची ही कल्पना निघाली कोठून? ऐकून आनंद वाटेल की तिच्या आरंभी दोन स्त्रिया आहेत. जान विल्प्रे-पॉवर ही फ्रान्समधल्या खेड्यातली मुलगी. पॅरिसला येऊन शिवणकाम आणि भरतकाम करू लागली. पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिली बेटावरच्या मेसिना शहरी राहिली. तेथे तिला आर्गोनॉट नावाच्या समुद्रजीवाचे कुतूहल लागले. तो आपले कवच स्वतः करतो की दुसऱ्याचे चोरून आणतो, असा पंडितांत वाद होता. जिवंत जीव रोज डोळ्यांसमोर असल्याखेरीज उत्तर मिळणार नाही हे ओळखून तिने १८३२ साली काचेच्या पेट्या करविल्या आणि तो आपले कवच आपणच करतो हे सिद्ध केले.

दुसरी लेडी अॅना थिन. ही लंडनची, म्हणजे समुद्रापासून दूर राहणारी. एका परीने आपल्यासारखीच. १८४६ साली टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी तिला खडकांवर प्रवाळे दिसली. ती घरी न्यायची कशी? वाटेत आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजला टाचली आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत घालून लंडनला आणली. पण आणलेले पाणी पुरणार किती दिवस? ताजे पाणी संपत आले तेव्हा तिने युक्ती केली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धापाऊण तास ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. पुढच्या वर्षी तिने समुद्री वनस्पतीही आणून त्या पाण्यात ठेवल्या, आणि प्रवाळे जगली.

हे ओतण्याचे काम मात्र बाईसाहेबांनी केले नाही. ते घरातल्या मोलकरणीने केले. लेडी थिनचे नाव पुस्तकांत राहिले. त्या मोलकरणीचे नाव त्यांत सापडत नाही. भगिनींनो, माझ्या आजच्या भाषणाचे सार या एका गोष्टीत आहे आणि शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आपल्या मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. लहानपणी मुंबईच्या सहलीत आपल्यापैकी अनेकींनी ते पाहिले असेल. त्याच्या दाराशीच समुद्र होता. आपल्याला समुद्र बादलीत तयार करायचा आहे, आणि येथून खरे काम सुरू होते.

प्रथम जागा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. नवशिक्याने याहून लहान टाकी घेऊ नये. कारण थोडे पाणी लवकर तापते, लवकर बिघडते. पाव लिटर दूध आणि पाच लिटर दूध यांतले कोणते आधी उतू जाते हे तुम्हांला सांगायला नको. पण १९० लिटर पाणी म्हणजे १९० किलोहून अधिक वजन. त्यात काच, दगड आणि घडवंची. शोकेसवर किंवा जुन्या टेबलावर ते पेलत नाही. लोखंडी घडवंची असावी, ती भिंतीलगत सपाट फरशीवर असावी आणि टाकीवर थेट ऊन येऊ नये. प्लग टाकीच्या वरच्या अंगाला असावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले खारे पाणी त्यात शिरत नाही.

नंतर पाणी. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. ते आपल्याला पिण्यास उत्तम. परंतु त्यात जंतुनाशक क्लोरीन असते आणि विरघळलेले इतर क्षारही असतात. टाकीसाठी घरच्या आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला ठेवावे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यातले पाणी पवित्र आणि आरोग्याचे मानतात. समुद्रातल्या कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळे यांना मात्र तांब्याचा अंशही विषासारखा आहे. या कामाला तांब्यापितळेचे भांडे चुकूनही लावू नये. प्लास्टिकची एक बादली आणि एक मग वेगळा ठेवावा, त्याला साबणाचा हात लागू देऊ नये.

त्यानंतर मीठ. स्वयंपाकातले मीठ घालून समुद्र होत नाही. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला मोठा भाग आपल्या ओळखीच्या मिठाचा हे खरे. पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार असे पुष्कळ काही ठरावीक प्रमाणात असते. नुसत्या मिठाच्या पाण्याने आमटी होत नाही, तसेच हे. बाजारात समुद्राच्या पाण्यासाठी तयार मिश्रण मिळते. आपल्या टाकीला ते साडेसहा किलोंच्या आसपास लागेल. ते पाण्यात थोडेथोडे घालावे. मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर चुन्याचा अंश तळाशी साका धरून बसतो. एक दिवस पंप चालू ठेवून ते पुरते विरघळू द्यावे, मग खारटपणा उपकरणाने मोजावा. गोड्या पाण्याच्या वजनाशी तुलना करता हे पाणी १.०२५ पट जड भरले की ठीक. जिभेवर चाखून अंदाज घेण्याचे हे काम नव्हे.

आता दगड. प्रवाळाचे किंवा प्रवाळाच्या खडकाचे तुकडे आणून रचावेत असे पुस्तकांतून लिहिलेले असते. ते आपल्याला करता येत नाही, आणि करूही नये. त्याचे कारण पुढे सांगते. आपल्याकडे त्याला चांगला पर्याय आहे. कुंभाराकडची भाजलेली, न रंगविलेली माती घ्यावी. माठाची जाड खापरे, लहान कुंड्या, नळीची कौले. माती सच्छिद्र असते, म्हणून तिच्यात उपयोगी जंतू राहतात. माशांना लपायला बोळ मिळतात. ज्या केशरी माशासाठी मुले हटून बसली आहेत, तो मासा सांभाळणारे लोक त्याला अंडी घालायला अशीच मातीची कुंडी देतात. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीसारखा घट्ट काळा दगडही स्वच्छ घासून चालतो. पण रामटेक-मनसरकडून कोणी जड, चकाकणारा काळा दगड आणून दिला तर तो वापरू नये. त्या बाजूला मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि धातूचा दगड पाण्यात नको. तळाला वाळू घातलीच पाहिजे असे नाही. मोकळा तळ स्वच्छ ठेवणे सोपे जाते.

पाणी, मीठ, दगड, पंप एवढे झाले की मुले म्हणतील, आता मासे आणा. येथे गृहिणीने ठाम राहावे. अजून टाकीत विरजण लागलेले नाही. मासा जे टाकतो त्यातून अमोनिया होतो आणि तो त्यालाच जाळतो. एका जातीचे जंतू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जंतू खापरांवर आणि दगडांवर वस्ती करतात, आणि वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रिकाम्या टाकीत माशांच्या खाद्याची चिमूट टाकीत राहावे, म्हणजे जंतूंना खायला मिळते. थेंबाथेंबाने पाणी तपासण्याची पेटी मिळते. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आले की समजावे, विरजण लागले. दही लागत असताना पातेले हलवले तर काय होते ते आपण जाणतोच. घरोघरच्या टाक्यांतले मासे पहिल्या महिन्यातच मरतात, त्यातले पुष्कळसे या सहा आठवड्यांच्या उतावीळपणाने मरतात.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. आपल्या देशात खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. जिवंत असो की मेलेले, समुद्रातून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. पूजेच्या सामानात 'इंद्रजाल' म्हणून काळ्या जाळीसारखी एक वस्तू चौकटीत घालून विकतात. ती दारावर लावली की दृष्ट लागत नाही असे सांगतात. ती कोणत्याही झाडाची मुळी नाही. ते काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो. कोणाच्या घरी कोणी भेट म्हणून देऊ केली तर घेऊ नका, आणि कारण समजावून सांगा.

कायद्याची भीती सोडा, तरी कारण पटण्यासारखे आहे. वाघाच्या देशात आपण राहतो. पेंच, ताडोबा आपल्या अंगणात. वाघाचे कातडे दिवाणखान्यात लावणाऱ्याला आज आपण नाव ठेवतो. समुद्र दूर म्हणून प्रवाळाची गोष्ट आपल्याला तितकी टोचत नाही, एवढेच. मुंबईत किनारी रस्ता बांधताना २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळे शास्त्रज्ञांच्या मदतीने उचलून दुसऱ्या जागी बसविण्यात आली. एवढ्या मोठ्या रस्त्याला ज्यांच्यासाठी परवानगी काढून थांबावे लागले, त्यांचा तुकडा आपल्या शोकेसजवळ असावा हे शोभत नाही. प्रवाळ पाहायचे असेल तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका, नांगर टाकू देऊ नका.

मग आपल्या टाकीत राहिले काय? मासे राहिले, आणि तेही पाळलेल्या जोड्यांची पिल्ले. समुद्रातून धरलेला मासा प्रवासातच अर्धमेला होतो. काही देशांत तर प्रवाळांत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरतात. त्यात मासा आणि प्रवाळ दोन्ही नासतात. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा : हा मासा पाळलेल्या जोडीचा की समुद्रातून धरलेला? कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास तलावाबाहेर, टाक्यांत करण्याची पद्धत बसविली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय संस्थेच्या मदतीने तेथल्या स्त्रियांनी शोभेच्या समुद्री कोळंब्या वाढवायला शिकून घेतले. प्रवाळांच्या मधोमध राहणाऱ्या बायकांनी प्रवाळाला हात न लावता मिळकतीची वाट काढली, ही बातमी आपल्यासारख्या मंडळाने आवर्जून ध्यानात ठेवावी. आपल्या तेलंगखेडीलाच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मासे सांभाळण्याबाबत शंका असेल तर जाणत्यांना विचारायला आपल्याला शहराबाहेर जावे लागत नाही.

या क्लाउन माशाची एक गंमत सांगते. त्याची सारी पिल्ले आधी नर होतात. कुटुंबात जी सर्वांत मोठी आणि वरचढ, ती मादी. घरात तिचा शब्द चालतो. ती मेली तर तिचा नवरा स्वतः मादी होतो आणि घर चालवतो. अंडी सांभाळण्याचे काम बापाचे. तो आठवडाभर त्यांच्यावर पंखांनी पाणी ढाळतो, नासलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. (येथे सभागृहात हशा.) समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या शुंडांत राहतो, टाकीत त्याला समुद्रफुलाची गरज नसते, खापराचा आडोसा पुरतो. पाळलेला क्लाउन मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे आज चौथीत असलेल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा तो मुलगा कॉलेजात शिकायला पुण्याला गेल्यावरही येथेच असणार. आमच्या १९० लिटरच्या टाकीत दोन क्लाउन आणि नंतर सवडीने आणखी एकदोन लहान मासे, याहून गर्दी नको. नवा मासा आधी तीनचार आठवडे वेगळ्या टबात ठेवावा, रोग असेल तर तेथेच कळतो.

आता नागपूरचा खरा प्रश्न : उन्हाळा. या माशांना २५ ते २७ अंश पाणी मानवते. आपल्याकडे वैशाखात बाहेर ४५ अंश. अशा वेळी माठाची आठवण करावी. माठातले पाणी झिरपते, वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. टाकीवर काचेचे झाकण न ठेवता जाळी ठेवली आणि एक छोटा पंखा पाण्यावरून वारा घालील असा बसविला, तर कोरड्या हवेत पाणी दोनतीन अंश सहज उतरते. मात्र त्याच खोलीत वाळ्याच्या ताटीचा कूलर चालू असेल तर हवा दमट होते, खोली थंड वाटते, पण पंख्याचा गुण कमी होतो. पावसाळ्यात तर तो फारच थोडा उरतो. तेव्हा घरातली सर्वांत थंड, उत्तरेकडची खोली निवडावी. पाणी थंड करणारे यंत्र मिळते, पण ते महागही असते आणि विजेचे बिलही वाढवते. थंडीत उलट प्रकार. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की लहानसा हीटर लागतो. दिवसाला अंशभर चढउतार मासा सोसतो; एकदम चार अंशांचा धक्का सोसत नाही. प्रवाळ याहून नाजूक. आपल्या हवेत त्याला घरात सांभाळणे म्हणजे त्याचे हाल करणे, हे दुसरे कारण.

पाणी वाळते म्हणजे पाणीच जाते. मीठ मागे राहते. मिठागरात हेच करतात. रोज दोनतीन लिटर पाणी उडाले आणि आपण लक्ष दिले नाही, तर आठवड्यात दिवाणखान्यात लहानसे मिठागर तयार होईल. म्हणून काचेवर रेघ ओढून ठेवावी आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी भरावे. गोडे भरावे, खारे नव्हे. आठवड्यातून एकदा दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच खारे पाणी घालावे. काढलेले पाणी तुळशीला किंवा झाडांना घालू नये. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एकदोन वेळा. पाहुण्यांच्या मुलांना हातात डबी देऊ नये. डासांचा फवारा मारताना आणि उदबत्ती-धुपाच्या वेळी टाकी झाकावी, पंपाची हवा दुसऱ्या खोलीतून घ्यावी. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. कारण उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे लवकर घुसमटतात. तोही नसेल, तर प्लास्टिकचा मग घेऊन टाकीतलेच पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे.

आणि येथे आपण लेडी थिनच्या मोलकरणीपाशी परत आलो. घरातली हौस एकाची असते, तिचा भार बहुधा दुसरीवर पडतो. मुलगा परीक्षेत गुंततो, साहेब दौऱ्यावर जातात, आणि रेघेपर्यंत पाणी भरायला उरते ती घरातली बाई, किंवा तिची कामवाली. वर्षभर मासे जगले की पाहुण्यांना सांगतात, 'आमच्या चिरंजीवांचे मत्स्यालय पाहा.' मासे मेले की विचारतात, 'तू लक्ष कसे दिले नाहीस?' हे माझ्या घरचे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. माना डोलावणाऱ्या पुष्कळजणी मला येथून दिसत आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. टाकी आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि एक वही करावी. रोज पाणी कोण भरणार, रविवारी पाणी कोण बदलणार, मिठाचा डबा संपत आला हे कोण पाहणार, आणि तुम्ही दिवाळीत माहेरी गेलात तर कोण, हे नावासह लिहावे. मग त्या सहा आठवड्यांत, टाकीत एकही मासा नसताना, सर्वांनी आपापले काम करून दाखवावे. रिकाम्या पाण्याची चाकरी ज्याने दीड महिना केली, त्याच्या हाती मासा सोपवायला हरकत नाही. दुसऱ्या आठवड्यातच वहीतले रकाने कोरे दिसू लागले, तर टाकी विकून टाकावी. कोणाचा जीव गेलेला नसेल. कामवालीकडून पाणी भरून घेणार असाल तर ते तिचे जादा काम समजावे आणि त्याचे जादा पैसे द्यावेत.

समुद्रात पाण्याचा गोडवा-खारटपणा, उष्णता आणि हवा हे सारे लाटा, वारा आणि खोली यांच्या जोरावर आपोआप सांभाळले जाते. आपण समुद्राचा एक तुकडा घरात आणतो तेव्हा ते आपोआप होणारे सारे काम अंगावर घेतो. त्याला फार बुद्धी लागत नाही, पैसाही बेताचा लागतो, नेम लागतो. नेम म्हणजे काय हे चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. फक्त हा नेम एकटीने धरायचा नाही, घराने धरायचा, एवढे सांभाळावे. ते जमत असेल तर दोन केशरी मासे घरात जरूर आणा, त्यांच्या निमित्ताने मुले पाणी मोजायला आणि वाट पाहायला शिकतील. जमत नसेल तर मुलांना घेऊन मालवणला चला. मंडळाची सहल काढायची झाली तर माझे नाव पहिले लिहा.